मधला आकडा आधी वाचा: गोल्फ कोर्सवर हँडहेल्ड जीपीएस

नवी मुंबईतल्या खारघर व्हॅलीच्या गोल्फ कोर्सवर नव्याने खेळायला येणाऱ्याचा पहिला गोंधळ स्विंगचा नसतो, अंतराचा असतो. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, चेंडू बरा लागायला लागलेला असतो, पण कोर्सवर उभं राहिलं की समोरचं ग्रीन (झेंडा आणि खळगा असलेला बारीक गवताचा भाग) जवळ आहे की लांब हेच उमगत नाही. मागे डोंगर उभा असला की त्याच्या पायथ्याशी असलेलं ग्रीन हाताशी असल्यासारखं भासतं. टी (पहिला फटका मारायची जागा) उंचावर आणि फेअरवे (ग्रीनकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) खाली असला की अंदाज आणखी चुकतो. मग सोबतच्या खेळाडूच्या हातातलं छोटं यंत्र दिसतं, त्यावर तीन आकडे असतात, आणि तसंच एक आपल्याकडेही हवं असं वाटू लागतं.

वाटणं योग्यच आहे. हँडहेल्ड जीपीएस ही नवशिक्याला खरोखर उपयोगी पडणारी वस्तू आहे, कदाचित मुरलेल्या खेळाडूपेक्षाही जास्त. फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्यावी. यंत्र अंतर सांगतं, क्लब, म्हणजे कुठल्या काठीने मारायचं ते, सांगत नाही. क्लब निवडायला आणखी एक आकडा लागतो. तुमच्या हातून त्या क्लबने चेंडू किती लांब जातो, हा तो आकडा, आणि तो कुठल्याही यंत्रात भरून येत नाही, तुम्हालाच जमवावा लागतो. पुढच्या पायऱ्यांमध्ये यंत्राची बटणं कमी आणि हे दोन आकडे जुळवणं जास्त आहे, ते यासाठीच.

यंत्र नेमकं काय करतं

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तुमच्या हातातलं यंत्र त्यांचे संदेश ऐकतं आणि किमान चार उपग्रहांवरून स्वतःची जागा काढतं. तीन उपग्रह पुरायला हवेत असं वाटतं, पण यंत्रातलं घड्याळ उपग्रहांवरच्या अणुघड्याळाइतकं अचूक नसतं. त्या घड्याळातली चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. जागा कळली की यंत्र आपल्या पोटातला कोर्सचा नकाशा उघडतं आणि तुमच्यापासून ग्रीनपर्यंत किती अंतर आहे ते गणित करून दाखवतं.

म्हणजे यंत्राला झेंडा दिसत नाही. लेझर रेंजफाइंडर झेंड्यावर किरण मारून अंतर काढतो. जीपीएस नकाशावरच्या ग्रीनपर्यंतचं अंतर काढतं. हा फरक लक्षात राहिला तर पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत. लेझरला समोरचं दिसायला लागतं. जीपीएसला झाडामागचं, वळणापलीकडचं, उंचवट्याआड लपलेलं ग्रीनही कळतं. कोर्स पाठ नसलेल्या माणसाला याचाच आधार जास्त, म्हणून सुरुवातीला लेझरपेक्षा जीपीएस घ्यावं असं माझं मत आहे.

अचूकतेचं म्हणाल, तर मोकळ्या आकाशाखाली तीन ते पाच मीटरचा फरक गृहीत धरावा. मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार नागरी वापराच्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. ते बंद झालं आणि मग गोल्फसाठी अशी यंत्रं करण्यात अर्थ उरला.

घेण्याआधी

तुम्ही ज्या कोर्सवर खेळता तो यंत्राच्या यादीत आहे का, हे सर्वांत आधी तपासा. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर कोर्सचं नाव टाकून शोधता येतं. खारघर तर बघाच, शिवाय चेंबूरचं प्रेसिडेन्सी, पुण्याचे कोर्स, जिथे कधी पाहुणे म्हणून जाल ते सगळे बघून ठेवा. जगभरातले चाळीस हजार कोर्स आहेत या जाहिरातीचा तुम्हाला काही उपयोग नाही, तुमचे दोन-चार त्यात असले पाहिजेत.

दुसरं, नकाशे अद्ययावत करायला वार्षिक वर्गणी लागते का ते विचारा. काही कंपन्या घेतात, काही घेत नाहीत. तिसरं, बटणांचं यंत्र की टचस्क्रीन. आपल्याकडच्या घामट हवेत आणि पावसाळ्यात ओल्या बोटांनी टचस्क्रीन चालवणं त्रासाचं होतं, हातात ग्लोव्ह असला की आणखीच. नकाशा बोटाने सरकवायची हौस नसेल तर साधं बटणवालं यंत्र घ्यावं. ग्रीनचे तीन आकडे आणि अडथळ्यांची अंतरं दिसली की नवशिक्याला पुरे. स्विंगचा वेग मोजणारं रडार वगैरे नंतर बघता येईल.

फोनवरचं ॲप चालेल का? चालतं. पण भर उन्हात फोनची स्क्रीन नीट दिसत नाही, चार-पाच तासांत बॅटरी बरीच उतरते, आणि अंतर बघायला फोन काढला की ऑफिसचे मेसेज आधी दिसतात. गोल्फच्या यंत्रांची स्क्रीन बहुधा उन्हात वाचता येईल अशीच केलेली असते.

घरी बसून करायची कामं

पेटीतून काढलं आणि थेट टीवर नेलं, असं करू नका. आदल्या दिवशी पूर्ण चार्ज करा. संगणकाला किंवा फोनला जोडून नकाशे ताजे करून घ्या. कोर्सचा विस्तार होतो, टी सरकवले जातात, ग्रीन नव्याने बांधलं जातं, होलचे (टी ते ग्रीन अशा एकेका टप्प्याचे) क्रमांक बदलतात. जुन्या नकाशाला यातलं काही माहीत नसतं आणि तो जुन्या ग्रीनपर्यंतचं अंतर तितक्याच खात्रीने दाखवत राहतो.

मग सेटिंगमध्ये जाऊन एकक बघा. हे छोटं वाटतं, पण फार महत्त्वाचं आहे. यंत्र मीटरमध्ये आणि स्कोअरकार्ड यार्डांमध्ये असलं की सगळं बिनसतं. १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड, आणि चौदा यार्डांचा फरक म्हणजे एका क्लबपेक्षा जास्त. तुमच्या कोर्सच्या कार्डावर आणि फेअरवेवरच्या खुणांवर जे एकक आहे तेच यंत्रात ठेवा. रस्त्यावर आपण किलोमीटर-मीटरमध्ये विचार करतो हे खरं, पण कोर्सवर कॅडी (बॅग घेऊन सोबत चालणारा मदतनीस) यार्डांत बोलत असेल तर तुम्हीही यार्डांतच बोला.

चढ-उताराप्रमाणे अंतर बदलून दाखवायची सोय यंत्रात असेल तर ती कुठे चालू-बंद होते ते याच वेळी शोधून ठेवा. का, ते नियमांच्या भागात येईल.

कोर्सवर जाण्याआधी एक सराव

यंत्रावर किती विश्वास ठेवायचा हे वाचून कळत नाही, हातात घेऊन बघावं लागतं. खारघरचं सेंट्रल पार्क कोर्सच्या शेजारीच आहे, तिथे सकाळी फिरायला जाताना यंत्र सोबत न्या. ठाण्यात राहत असाल तर घराजवळचं कुठलंही मोकळं मैदान चालेल.

क्रिकेटची खेळपट्टी असलेलं मैदान मिळालं तर उत्तमच. एका यष्टीपाशी उभं राहून शॉट मोजायची सोय चालू करा, चालत दुसऱ्या यष्टीपाशी जा, आकडा वाचा. हेच काही वेळा करा. खरं अंतर २२ यार्ड, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. यंत्र मात्र कधी १९ दाखवेल, कधी २५. यंत्र बिघडलेलं नाही. तीन-चार मीटरची चूक वीस मीटरच्या अंतरात मोठी दिसते एवढंच. आता धावपट्टीवरचे १०० मीटर मोजून बघा, म्हणजे १०९ यार्ड. चूक तेवढीच असेल, पण आता ती खटकणार नाही.

यातून जो नियम निघतो तो कायमचा लक्षात ठेवावा: साधारण चाळीस-पन्नास यार्डांच्या आत आलात की यंत्र खिशात ठेवा. तिथून पुढे पावलं मोजा, डोळ्यांनी बघा. पंचवीस यार्डांच्या चिपसाठी, म्हणजे ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यासाठी, स्क्रीनकडे बघण्यात काही हशील नाही.

(काही यंत्रांत शॉट मोजायची सोय फेरी सुरू केल्याशिवाय उघडत नाही. सेंट्रल पार्कमधून जवळच्या कोर्सच्या यादीत खारघर दिसलं तर तीच फेरी सुरू करा आणि नंतर न साठवता पुसून टाका.)

पहिल्या टीवर

यंत्र गाडीतून उतरल्याबरोबर, पार्किंगमध्येच चालू करा. बरेच दिवस बंद असेल किंवा दुसऱ्या शहरातून आणलं असेल तर उपग्रह शोधायला काही मिनिटं लागतात. क्लबहाऊसच्या छपराखाली किंवा बॅगेच्या तळाशी ते तडफडत राहील, बाहेर उघड्यावर ठेवा. उपग्रहांची खूण स्थिर झाली की कोर्स निवडा.

टीवर पोचल्यावर सवय एकच लावून घ्या: स्क्रीनवरचा होलचा क्रमांक आणि टीजवळच्या पाटीवरचा क्रमांक ताडून बघा. पार (तो होल किती फटक्यांत व्हावा तो आकडा) आणि अंतरही बघा. दोन होल शेजारी-शेजारी असतील तर यंत्र कधीकधी शेजारचा होल धरून बसतं. खेळता खेळता चेंडू शेजारच्या फेअरवेकडे गेला आणि तुम्ही त्याच्या मागे गेलात, तरी होल आपोआप बदलू शकतो. अशा वेळी अंतर अचानक विचित्र दिसतं, १४० अपेक्षित असताना ३१०. घाबरू नका, होल हाताने मागे आणा. हा त्रास वारंवार होत असेल तर होल आपोआप बदलायची सोय बंद करून टाका, दर टीवर एक बटण दाबणं काही कठीण नाही.

आणि यंत्र हातात किंवा कमरेला ठेवा. कार्टमध्ये ठेवलेलं यंत्र कार्टपासूनचं अंतर सांगतं, चेंडूपासूनचं नाही. पावसाळ्यात कार्ट पक्क्या वाटेवरच ठेवायला सांगतात, तेव्हा चेंडू आणि कार्ट यांत तीस-चाळीस यार्ड सहज पडतात. आकडा चेंडूशेजारी उभं राहूनच वाचायचा.

तीन आकडे

इथे थोडं थांबू, कारण नव्या खेळाडूचं यंत्राशी खरं नातं इथेच जुळतं किंवा बिघडतं.

स्क्रीनवर वर-खाली तीन आकडे असतात. ग्रीनची अलीकडची कड, मधोमध, पलीकडची कड. समजा १३२, १४६, १६०. म्हणजे ग्रीन २८ यार्ड खोल आहे. अलीकडच्या कडेला झेंडा असेल आणि पलीकडच्या कडेला असेल, यांत दोन-तीन क्लबचा फरक पडतो. एकच आकडा सांगणारी पाटी किंवा फेअरवेवरची १५० ची खूण तुम्हाला हे सांगत नाही.

आता झेंडा पुढे दिसतोय, म्हणून बहुतेक नवशिके १३२ चा क्लब काढतात. तसं करू नका. तुमचा १३२ चा क्लब म्हणजे चेंडू अगदी मनासारखा लागला तर १३२. तसा तो किती वेळा लागतो? जरा खाली लागला, जरा टोकाला लागला, की चेंडू ११५ वर बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) किंवा ग्रीनच्या अलीकडच्या उतारावर. नवे खेळाडू ग्रीनच्या पलीकडे क्वचित जातात, कमीच पडतात. कोर्स बांधणारेही हे जाणतात, बंकर आणि पाणी ग्रीनच्या अलीकडे जास्त असतं ते उगाच नाही.

म्हणून सुरुवातीचे काही महिने झेंडा कुठेही असो, मधला आकडा खेळा. १४६ चा क्लब घ्या. उत्तम लागला तर ग्रीनच्या मधोमध, तिथून दोन पट. थोडा कमी लागला तर झेंड्याजवळ. बराच कमी लागला तरच ग्रीनच्या बाहेर. तिन्हींत नुकसान कमी. झेंडा मागे असेल तर मधल्या आणि पलीकडच्या आकड्याच्या दरम्यानचं अंतर धरा, पण पलीकडच्या कडेच्या मागे काय आहे ते आधी बघा. मागे दरी किंवा ओढा असेल तर पुन्हा मधलाच आकडा.

झेंड्याची जागा यंत्राला रोज कळत नाही, तो माळीकाका सकाळी हलवतात. काही यंत्रांत ग्रीनचं चित्र मोठं करून झेंडा बोटाने हव्या त्या जागी नेता येतो, मग मधला आकडा त्या जागेचा होतो. पण झेंडा पुढे आहे की मागे हे कुठून कळणार? दोनशे यार्डांवरून डोळ्यांना ते नीट कळत नाही. काही कोर्सवर झेंड्याच्या रंगावरून सांगतात, पुढे लाल, मध्ये पांढरा, मागे निळा, पण सगळीकडे हीच पद्धत असेल असं धरू नका. सोबत कॅडी असेल तर सरळ विचारा.

"दादा, पिन कुठे आहे?"

"मागे आहे साहेब, उजवीकडे. मधल्यात टाका, तिथून उतार आहे."

त्या एका उत्तरात यंत्राजवळ नसलेल्या दोन गोष्टींची माहिती आली. यंत्र घेतलं म्हणून कॅडीचं ऐकणं बंद करू नये. अंतर यंत्राचं आणि उतार, वारा, ग्रीनचा वेग कॅडीचा, असं वाटून घेतलं की फेरी छान होते. रोज त्या जमिनीवर चालणाऱ्या माणसाला जे ठाऊक असतं ते नकाशात येत नाही.

वळणाचे होल

होल डावीकडे किंवा उजवीकडे वळत असेल तर टीवर दिसणारं ग्रीनचं अंतर सरळ रेषेतलं असतं, म्हणजे झाडांवरून, कधी टेकडीच्या टोकावरून. पार चारचा होल आणि यंत्रावर फक्त २९०, मग जोर लावावासा वाटतो. कार्डावरचं अंतर बघा, ते वळणाने मोजलेलं असतं. दोहोंत मोठी तफावत दिसली की वळण आहे असं समजा, आणि ग्रीनचा आकडा विसरून वळणापर्यंतचं अंतर शोधा. नकाशावर बोट ठेवून कुठल्याही जागेचं अंतर काढता येणारी यंत्रं इथे कामी येतात.

पाणी आणि बंकर ओलांडताना

अडथळ्यांच्या पानावर प्रत्येक अडथळ्याची दोन अंतरं असतात: अलीकडचा काठ आणि पलीकडचा काठ. ही दोन अंतरं तुमच्या दोन वेगळ्या आकड्यांशी ताडायची असतात, आणि नव्या खेळाडूला हे कुणी सहसा समजावून सांगत नाही.

चेंडू हवेत जेवढा जातो तो कॅरी. जमिनीवर पडून पुढे घरंगळतो तो रोल. दोन्ही मिळून एकूण अंतर. पाणी ओलांडायचं असेल तर पलीकडचा काठ तुमच्या कॅरीशी ताडा. पाण्याच्या अलीकडे थांबायचं असेल तर अलीकडचा काठ तुमच्या एकूण अंतराशी ताडा. उलट केलंत की चेंडू पाण्यात.

समजा पाण्याचा अलीकडचा काठ १४० वर आणि पलीकडचा १६५ वर आहे. तुमच्या हायब्रिडची (लांब मारायच्या एका क्लबची) कॅरी १६५ आहे. ओलांडाल का? मी सांगेन, नका. नकाशाची चूक, उपग्रहाची चूक आणि तुमच्या फटक्यातली चूक, तिन्ही एकाच बाजूला पडली तर काठावरच चेंडू जाईल. दहा-पंधरा यार्ड हातचे राखूनच ओलांडायला जावं. तेवढे नसतील तर अलीकडे थांबा, आणि थांबतानाही दहा यार्ड राखा, म्हणजे रोल धरून १३० च्या आत थांबणारा क्लब घ्या.

अलीकडे थांबायचंच तर कुठे थांबायचं, हेही यंत्रावर ठरवता येतं. तुम्हाला मनापासून जमणारं एखादं अंतर असेल, कुणाचं ८० असतं, कुणाचं १००. ग्रीनपासून तेवढं अंतर उरेल अशी जागा शोधा. समजा दुसऱ्या एका होलवर पाणी आणखी पुढे आहे. तिथे ग्रीनचा मध्य २६० वर असेल आणि तुमचं लाडकं अंतर १०० असेल, तर आत्ता १६० मारायचे. नुसतं जमेल तितकं पुढे जाण्यापेक्षा हा विचार फटके वाचवतो.

तुमचा स्वतःचा आकडा

आता या सगळ्याचं मूळ. यंत्र १४६ दाखवतंय. १४६ साठी तुमचा क्लब कुठला? टीव्हीवरचा व्यावसायिक खेळाडू कुठला घेतो ते इथे चालत नाही, मित्राचाही चालत नाही. रेंजवरचे आकडेही जपून वापरा, रेंजचे चेंडू बहुधा जुने, झिजलेले असतात आणि कमी जातात.

शॉट मोजायची सोय यासाठीच आहे. चेंडू जिथे आहे तिथे उभं राहून मोजणी सुरू करा, फटका मारा, चेंडूपाशी जाऊन आकडा वाचा. पाच-दहा यार्ड चालून पुढे गेल्यावर मग बटण दाबायचं आठवलं तर तो आकडा सोडून द्या, नोंदू नका. छोट्या वहीत किंवा यंत्रातच क्लबनिहाय नोंद ठेवा. एका क्लबच्या सात-आठ नोंदी झाल्या की सर्वांत लांबची आणि सर्वांत जवळची काढून टाका. उरलेल्यांच्या मधली जी असेल ती तुमची. लांबचा फटका आठवणीत राहतो आणि माणूस तोच आपला आकडा मानतो, म्हणून ती नोंद आधी काढायची.

या पद्धतीने एकूण अंतर मिळतं, कॅरी मिळत नाही. कॅरी काढायला आपल्याकडे एक सोपा मार्ग आहे, तो म्हणजे पावसाळा. जुलैमध्ये नवी मुंबईतला फेअरवे इतका मऊ असतो की चेंडू पडतो तिथेच रुततो, घरंगळत नाही. तेव्हा मोजलेलं अंतर म्हणजे जवळपास कॅरीच. नंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये जमीन कोरडी झाली की तोच क्लब पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा रोल. पावसाळ्यात खेळून काय मिळणार असं म्हणून घरी बसणाऱ्यांनी या एका कारणासाठी तरी यावं.

सगळे क्लब एकदम मोजायला जाऊ नका. पिचिंग वेज, सेव्हन आयर्न, फाइव्ह आयर्न किंवा हायब्रिड, आणि टीवरचा तुमचा मुख्य क्लब, एवढे आधी. मधले क्लब त्यावरून अंदाजाने बसतात.

चढ, उतार, वारा

जीपीएस आडवं अंतर मोजतं. खारघरसारख्या डोंगराळ कोर्सवर त्यात थोडी भर घालावी लागते. ग्रीन जितके यार्ड वर, साधारण तितके यार्ड जास्त धरा. जितके खाली, तितके कमी. दहा यार्ड खाली असलेलं १५० वरचं ग्रीन १४० सारखं खेळा. हा ढोबळ हिशेब आहे, पण पुरतो.

वाऱ्याचं यंत्राला काहीच कळत नाही. दुपारनंतर समुद्राकडून पश्चिमेचा वारा सुटतो आणि दरीत तो वळणं घेतो. सकाळी सातला जो होल सेव्हन आयर्नचा होता तो दुपारी तसा राहत नाही. चिमूटभर गवत उडवून बघणं अजूनही चालतं आणि नियमातही बसतं.

डोंगराच्या अगदी कडेला किंवा दाट झाडाखाली आकडा उड्या मारू लागला तर त्याचं कारण तिथेच असतं. निम्मं आकाश डोंगराने झाकलं की एकाच बाजूचे उपग्रह उरतात, शिवाय कड्यावर आपटून आलेला संदेश यंत्राला फसवतो. दोन पावलं मोकळ्यात या, पंधरा-वीस सेकंद थांबा, मग वाचा. नुसत्या ढगांनी मात्र काही बिघडत नाही, त्या लहरी ढगांतून आणि पावसातून जवळपास तशाच येतात.

नियम काय म्हणतात

२०१९ च्या नियमांपासून अंतर मोजणारं यंत्र वापरायला सर्वसाधारण परवानगी आहे. एखाद्या स्पर्धेच्या समितीने स्थानिक नियम करून ते बंद केलं असेल तर नाही. त्याआधी उलट होतं, समितीने मुभा दिली तरच वापरता येई. म्हणून क्लबच्या स्पर्धेत नाव दिल्यावर सूचनाफलक वाचायची सवय ठेवा.

परवानगी अंतराची आणि दिशेची आहे. चढ-उतार मोजणं, वारा मोजणं, चेंडूच्या जागेवरून कुठला क्लब घ्यावा किंवा कुठल्या रेषेत मारावं असा सल्ला यंत्राकडून घेणं, हे फेरीत चालत नाही. नव्या यंत्रांत या सोयी असतात, आणि बऱ्याच यंत्रांत स्पर्धेसाठी त्या एकत्र बंद करायची सेटिंग असते. ती पहिल्या टीआधी लावा. पहिल्यांदा नियम मोडला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड आहे, दुसऱ्यांदा मोडला तर स्पर्धेतून बाद. सरावाच्या फेरीत मात्र चढ-उताराची सोय जरूर वापरा, त्याने नजर तयार होते.

वेळ खाऊ नका

आपली पाळी आली की ४० सेकंदांत फटका मारावा अशी नियमांची शिफारस आहे. यंत्रामुळे खेळ भराभर व्हायला हवा. चेंडूकडे चालत जातानाच ग्रीनच्या आकड्यावर नजर टाका, सोबतचा खेळाडू मारत असताना अडथळे बघा, चेंडूपाशी एकदा आकडा वाचा आणि क्लब काढा. नकाशा उघडून मागेपुढे सरकवत बसायचं ते फक्त टीवर, तेही मागचा गट थांबलेला नसेल तर. फटक्यांची नोंद ग्रीनवर करू नका, पुढच्या टीवर पोचल्यावर करा.

सोबतच्या कुणाकडे यंत्र नसेल आणि त्याने अंतर विचारलं तर सांगायला हरकत नाही, अंतर ही सार्वजनिक माहिती आहे. मात्र स्पर्धेत "तू कुठला क्लब घेतलास?" असं विचारणं आणि ते सांगणं दोन्ही दंडाला पात्र.

पाऊस आणि उन्हाळा

यंत्रावर आयपीएक्स७ लिहिलं असेल तर ते एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी झालेली असते. आपल्या पावसाला तेवढं पुरतं. धोका नंतर असतो: ओल्या पोर्टमध्ये चार्जर घालू नका. घरी आल्यावर पुसून, पंख्याखाली ठेवून, पोर्ट पूर्ण सुकल्यावरच चार्ज करा. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच ठेवू नका, लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर मरते. गडगडाट ऐकू आला तर फेरी सोडून क्लबहाऊसकडे निघा, झाडाखाली थांबू नका.

यंत्राच्या मागे आपला फोन नंबर चिकटवून ठेवा. पटिंग करताना ते ग्रीनच्या कडेला ठेवलं जातं आणि तिथेच राहतं, हे फार वेळा होतं. ठेवायचंच तर पुढच्या टीकडे जाणाऱ्या वाटेच्या बाजूला ठेवा, जाताना दिसेल.

आणि एखाद्या होलवर अंतर दर वेळी त्याच दिशेने, त्याच मापाने चुकतंय असं दिसलं, तर ते उपग्रहाचं नाही, नकाशाचं आहे. फेअरवेवरच्या खुणेशी ताडून बघा, किती चुकतं ते लिहून ठेवा आणि कंपनीला कळवा. बऱ्याच कंपन्या अशा तक्रारींवरून नकाशे दुरुस्त करतात. तोवर त्या होलवर खुणेचं अंतर आणि कॅडीचा शब्द धरा.